बाजारातला 'पक्का दात' आणि त्यामागची कहाणी

पन्नाशीतच आमच्या आजीचे बरेच दात गेले होते. पंगतीत रोडगे असले की ती आपला रोडगा वरणात कुस्करून बाजूला ठेवायची. तो मऊ होईस्तोवर बाकीच्यांचं अर्धं जेवण झालेलं असायचं. दात हलला की काढायचा, एवढंच तिला ठाऊक. काढलेल्या जागी दुसरा बसवता येतो हे तिला आठवडी बाजारात कळलं. ताडपत्रीवर एक जण बसलेला, समोर काचेच्या पेटीत गुलाबी हिरड्यांचे नमुने, आणि बोली एकच: अर्ध्या तासात पक्का दात. आजीने दोन बसवून घेतले. वर्षभरात त्यांच्या शेजारचे तिचे चांगले दातही हलायला लागले.

हा 'पक्का दात' आमच्याकडे आला कसा, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. दात बसवण्याची हौस जुनीच. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचे कारागीर इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीने खोटा दात शेजारच्या दातांना बांधत. जपानात अख्खी कवळी लाकडातून कोरत. १५३८ साली वारलेल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची तशी कवळी आजही जपलेली आहे. युरोपातले श्रीमंत हस्तिदंताचे, पाणघोड्याच्या दातांचे, एवढंच काय मेलेल्या माणसांचेही दात लावत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या सैनिकांचे दात काढून विकले गेले. हस्तिदंत कुजायचा, त्याला वास यायचा. त्याला कंटाळून फ्रान्समधल्या ड्यूशातो नावाच्या औषधविक्रेत्याने १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी करून पाहिली. पण हे सगळं मूठभरांसाठी होतं. गरिबाच्या वाट्याला फक्त चिमटा.

खरं वळण आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि माझ्या मते आजच्या खेड्यातली परिस्थितीही तिथूनच समजते. १८४४ मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. दोन वर्षांनी गुंगीसाठीच ईथर आलं. दात काढताना होणारी मरणाची वेदना टळली. त्याच सुमारास चार्ल्स गुडइयरने गंधकासोबत तापवून रबर टिकाऊ केलं होतं. पुढे त्यापासून व्हल्कनाइट नावाचं कडक रबर झालं आणि हिरडीच्या मापात नेमकी बसणारी कवळी पहिल्यांदाच सामान्य माणसाला परवडू लागली. काढणं सोपं झालं, बसवणं स्वस्त झालं, आणि दात वाचवण्यापेक्षा काढण्याकडे कल वाढला. १९३७ च्या आसपास रबराची जागा ॲक्रिलिक या प्लास्टिकने घेतली. आपल्या आजी-आजोबांची गुलाबी कवळी ती हीच.

पुढच्या दशकात ॲक्रिलिकचाच एक प्रकार आला. पूड आणि द्रव मिसळायचं, की तापवल्याशिवाय काही मिनिटांत घट्ट. दुरुस्तीसाठी उत्तम चीज. बाजारातला पक्का दात मात्र याच मसाल्याने थेट तोंडात, शेजारच्या दातांवर थापलेला असतो. तो निघत नाही, खालून साफ होत नाही. अन्न अडकतं, हिरडी सुजते, हाड झिजतं. आजीचे चांगले दात हलले ते यामुळे. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालचा. तोवर परंपरेने हे काम करत आलेल्यांची नोंद वेगळ्या यादीत करण्याची सोय त्यात होती, पण नोंदणीशिवाय दात बसवणं बेकायदेशीर आहे. नागपूरला १९६८ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय झालं, पुढे वर्ध्याजवळ सावंगीलाही महाविद्यालय आलं. तालुक्याच्या गावाहून तिथे चार-पाच फेऱ्या म्हणजे तितक्याच दिवसांची मजुरी बुडते. बाजारातला माणूस आठवड्याला दारात येतो. त्याच्याकडे जाणाऱ्यांना मी कधीच अडाणी म्हणणार नाही.

तरी दात काढायच्या आधी एक प्रश्न जरूर विचारावा: मूळ शाबूत आहे का? असेल तर रूट कॅनाल करून, म्हणजे मुळाच्या आतली नस साफ करून ती पोकळी भरून, वर टोपी बसते आणि दात वाचतो. यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात तपकिरी पडतात, ते तर काढायची गरजच नसते. त्यांच्यावर दाताच्या रंगाचं भरण किंवा टोपी चालते. एखादाच दात गेला असेल तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा दात, करतात, पण त्यासाठी दोन्हीकडचे दात घासावे लागतात. इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियम धातूच्या खुंटीवरच्या दाताला, तेवढं लागत नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मध्ये ससे तपासताना लक्षात आलं, १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसले. मात्र खर्च मोठा, काही महिने थांबावं लागतं, आणि तंबाखू चालू असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर ते निकामी होण्याचा धोका वाढतो.

सगळेच दात गेले तर कवळी. तिचं माप घेणं, चावा जुळवणं यातच त्या चार-पाच फेऱ्या होतात. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी ती सैल होते. तेव्हा डब्यात टाकून देऊ नका, आतून अस्तर भरून मिळतं. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात नाही. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साहित्यात चष्मा, काठी यांच्यासोबत कवळीही आहे. ग्रामपंचायतीत विचारा.

खर्ऱ्याचं मात्र वेगळं आहे. तंबाखू-चुन्यासोबत पन्नीत घोटलेल्या त्या सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, आणि हा आजार पुढे कर्करोगाकडेही जाऊ शकतो. आपली तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. काही तरण्याताठ्या पोरांच्या तोंडात एकच बोट जातं. अशा तोंडात माप घ्यायचा ट्रेसुद्धा शिरत नाही. तो दोन तुकड्यांत घालावा लागतो, आणि कवळीही तुकड्यांतच करून आत जोडावी लागते.