ट्रेड (बेसबॉल सिम्युलेशन लीग)

खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर चालणाऱ्या कृत्रिम बेसबॉल लीगमध्ये दोन संघमालकांनी आपसांत केलेली खेळाडूंची अदलाबदल. अशा खेळांची परंपरा अमेरिकन आहे. हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळाडूंची कार्डे व फासे यांवर चालणारा खेळ १९६१ मध्ये आला. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा त्याच वाटेवरचा संगणकीय खेळ.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये पांढऱ्या फाशावर १ ते ३ पडल्यास निकाल बॅटरच्या (फलंदाजाच्या) कार्डावरून लागतो, ४ ते ६ पडल्यास पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या). कार्डे सर्वांसमोर उघडी असतात, त्यामुळे खोटा माल गळ्यात मारणे अवघड. मग ट्रेड होतो कशावर? गरजेवर. प्रगत नियमांच्या कार्डावर डावखुऱ्या व उजव्या पिचरविरुद्धचे रकाने वेगवेगळे असतात. फक्त डावखुऱ्यांना झोडपणारा बॅटर, ज्याच्या गटातल्या प्रतिस्पर्ध्यांकडे डावखुरे पिचर भरपूर आहेत अशा संघाला सोन्यासारखा. दुसऱ्याकडे तो बाकावर बसून राहतो. ज्याच्याकडे दोन उत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) आहेत आणि धड कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) एकही नाही, त्याने एक शॉर्टस्टॉप दिला तरी त्याचे फारसे काही जात नाही. एकूण गुणवत्ता तेवढीच राहते, पण दोन्ही संघ सुधारतात.

खेळाडू पुढील हंगामांत राखता येणाऱ्या लीगमध्ये काळाचाही हिशेब येतो. प्रत्यक्षातले उदाहरण १९८७ चे. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या डेट्रॉइट टायगर्सनी विशीतला पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाच्या संघाला देऊन डॉइल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर घेतला. अलेक्झांडरने ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने गट जिंकला. स्मोल्ट्झ मात्र पुढे २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. हा सौदा मूर्खपणाचा म्हणून सांगितला जातो; त्या ऑगस्टमधली डेट्रॉइटची गरज पाहता तो तसा नव्हता.

म्हणून जाणकार आधी समोरच्याचा संघ वाचतात आणि त्याची उणीव भरून काढणारा प्रस्ताव देतात. 'तुझा सर्वोत्तम पिचर दे, माझे तीन सुमार घे' या छापाच्या प्रस्तावांना उत्तरही मिळत नाही. ट्रेडची मुदत संपत आली की गरजवंताला अक्कल नसते, हे खरे. पण तेच मालक पुढच्या हंगामातही भेटायचे असतात, आणि एकदा नाडलेला माणूस पुन्हा सौद्याला बसत नाही.

दोघांनी संगनमताने एकच संघ भारी केल्याचा संशय आला, तर अनेक लीगमध्ये कमिशनर (लीग चालवणारा) किंवा इतर मालक ट्रेड रोखू शकतात. संगणकच प्रतिस्पर्धी असेल तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. 'आउट ऑफ द पार्क'मध्ये संगणकाने सौद्यात किती ताणून धरायचे, हे खेळणाऱ्यालाच ठरवता येते.