न वाहणारा प्रवाह

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये उसाच्या ट्रॉलीची चासी जोडणं चाललं होतं. पत्रा वाकवून केलेला सी आकाराचा चॅनल, एक टोक घट्ट बांधलेलं, दुसऱ्या टोकावर वजन. तेही अगदी चॅनलच्या उभ्या पाठीवर. तरी चॅनल नुसता खाली वाकला नाही, पिळलासुद्धा. "बरोब्बर पाठीवर ठेवलंय, तरी पीळ खाल्लाय बगा," मिस्त्री म्हणाले. पत्र्याला आणि वेल्डिंगला शिव्या देऊन झाल्या. दोष दोघांचाही नव्हता.

वह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून बघा. वह्या एकमेकींवरून घसरतात. त्याच वह्या डिंकानं एकमेकींना चिकटवल्या, की गठ्ठा वाकता वाकत नाही, कारण घसरण आता डिंक अडवतो. या अडवणाऱ्या बलाला कर्तन बल म्हणतात, वर्कशॉपच्या भाषेत 'शिअर'. 19व्या शतकाच्या मध्यात झुरावस्की या रशियन इंजिनिअरनं ते नीट ओळखलं, तेही मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग रेल्वेच्या लाकडी पुलांमुळे. लाकूड धाग्याच्या दिशेनं चटकन फाटतं, त्यामुळे ही घसरण तिथं डोळ्यांआड करता येत नव्हती.

पातळ पत्र्यात हे बल दर मिलिमीटर लांबीला किती, असं मोजतात आणि त्याला कर्तन प्रवाह, म्हणजे 'शिअर फ्लो' म्हणतात. वाहत काहीच नसतं. मग प्रवाह कशाला? कारण हिशेब पाटाच्या पाण्याचा आहे. पाटाला फाटे फुटले, तर फाट्यांतलं पाणी मिळून मूळ पाटाएवढंच. पत्र्याच्या सांध्यावर या बलाचंही तसंच. हिडकलच्या कालव्यावर ज्याचं शेत आहे त्याला हे शिकवायला नको.

आता आपला चॅनल. हा प्रवाह सीच्या वरच्या आडव्या पट्टीतून येतो, पाठीतून उभा जातो आणि खालच्या पट्टीतून उलट्या दिशेनं आडवा निघतो. दोन आडवी बलं, दिशा विरुद्ध, मधे अंतर. दोन हातांनी स्टिअरिंग फिरवावं तशी ती चॅनलला पिळतात. पीळ नको असेल तर वजन पाठीच्याही मागे टांगावं लागतं. उंची 100 मि.मी., पट्ट्या 50 मि.मी. आणि जाडी सगळीकडे सारखी असेल, तर पाठीमागे सुमारे 19 मि.मी. म्हणजे जिथं लोखंडच नाही, नुसती हवा आहे तिथं! या जागेला कर्तन केंद्र म्हणतात. मला हा या विषयातला सगळ्यात खट्याळ भाग वाटतो.

मिस्त्रींनी गणित केलं नाही. दुसरा चॅनल तोंडाला तोंड लावून जोडला आणि पेटी केली. दोन्ही चॅनल एकमेकांच्या उलट पिळू बघतात, म्हणून वजन पेटीच्या मधोमध आलं की पीळ गेला. शिवाय पेटीचा आणखी एक फायदा आहे, तो घरी बघता येतो. शहापूरच्या कापडदुकानातून पुठ्ठ्याची रिकामी नळी आणा आणि पिळून बघा, हलणार नाही. मग ब्लेडनं एका बाजूनं लांबभर चीर द्या. आता ती हातात सहज पिळते. पुठ्ठा तेवढाच, पण प्रवाहाचं वर्तुळ तुटलं. नळीची त्रिज्या 25 मि.मी. आणि जाडी 2.5 मि.मी. धरली, तर चिरेमुळे पिळाला होणारा विरोध सुमारे 300 पट घटतो.

अखंड नळीचं सूत्र जर्मन इंजिनिअर ब्रेट यांनी 1896 मध्ये दिलं. पीळ दिल्यावर तिच्यात हा प्रवाह सगळीकडे सारखा असतो. म्हणून पत्रा जिथं पातळ तिथं ताण जास्त, अरुंद पाटात पाण्याला वेग येतो तसा. गंजानं पातळ झालेल्या जागेवर मेकॅनिकचं बोट आधी जातं, ते उगाच नाही.

द्रवात मात्र शिअर फ्लो म्हणजे खरंच वाहणं. खानापूरला मलप्रभेत काठाजवळ पाणी रेंगाळतं आणि मधे पळतं. एक थर दुसऱ्यावरून घसरत असतो. न्यूटननं 1687 मध्ये मांडलं, की हा विरोध घसरण्याच्या वेगावर ठरतो. घन पदार्थाला किती सरकवलं ते महत्त्वाचं, द्रवाला किती झपाट्यानं.

निपाणीकडच्या गुऱ्हाळात दोन्ही हिशेब एकाच मालात बघायला मिळतात. काहिलीतला पाक हळू ढवळला तर निमूट वाट देतो, घाई केली की दांडा अडतो. तोच पाक साच्यात थिजून ढेप झाला, की कितीही सावकाश रेटा, ढेप ढिम्म हलत नाही. मग हातोडीच घ्यावी लागते.