ताऱ्याची क्विल्ट आणि 1933 चा निकाल

डिसेंबर जवळ आला की तांबड्या-हिरव्या ताऱ्यांच्या क्विल्टा, म्हणजे थर देऊन शिवलेली पांघरुणे, शिवायला घेतल्या जातात. नाताळ, बेथलेहेमचा तारा, थंडी अशी सगळी सांगड जमते, म्हणून ही चाल फार जुनी वाटते. पण अमेरिकेत 1840 नंतरच्या दोन-तीन दशकांत तांबड्या-हिरव्या क्विल्टांची जी लाट आली, तिचा नाताळशी काही संबंध नव्हता. 'टर्की रेड' हा मंजिष्ठेचा तांबडा रंग धुण्याला टिकत असे आणि निळ्यावर पिवळा चढवून केलेला हिरवाही बऱ्यापैकी टिके. पांढऱ्या जमिनीवर हे दोन्ही उठून दिसत. कारण एवढेच.

ताऱ्याच्या ब्लॉकची, म्हणजे क्विल्टसाठी तुकडे जोडून केलेल्या एकेका चौकोनाची, नावे हा खरा गुंता आहे. आठ शंकरपाळी तुकडे, प्रत्येकाचे टोक 45 अंशांचे, सगळी टोके मध्यभागी एका बिंदूवर भेटलेली. हा तारा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या क्विल्टांत दिसतो. त्याला 'ले मॉयन स्टार' म्हणतात. न्यू ऑर्लिन्स वसवणाऱ्या फ्रेंच भावांच्या आडनावावरून हे नाव पडले आणि उत्तरेकडे त्याचा अपभ्रंश होऊन 'लेमन स्टार' झाले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, म्हणूनच जपून घ्यावी. असल्या नावांपैकी बरीचशी छापात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, नमुने टपालाने विकणारे कॅटलॉग निघाल्यावर. विकायचे तर नमुन्याला नाव हवे. तेच शंकरपाळे लहान करून ओळींमागून ओळी लावत एकच तारा पलंगभर पसरवला, की कुठे तो 'लोन स्टार', कुठे 'बेथलेहेमचा तारा', कुठे 'मॅथेमॅटिकल स्टार'. पुढे 1928 ते 1961 पर्यंत कॅन्सस सिटीच्या एका दैनिकाने वाचकांचे नमुने छापले आणि प्रत्येकाला नाव दिले. दैनिकाचेच नाव 'स्टार' असल्याने जुन्या कात्रणांत अमुक नमुना 'स्टार'चा म्हणजे वर्तमानपत्रातला की ताऱ्याचा, हा घोळ अजून होतो.

मराठीत आपण सरसकट गोधडी म्हणून मोकळे होतो. गोधडीला जाडी येते ती जुन्या लुगड्या-धोतरांच्या थरांनी, आणि तिचा धावदोरा बहुधा कडेने सुरू होऊन आत सरकतो. क्विल्टमध्ये वरचा भाग वेगळा जोडतात, मधे कापसाचा थर, खाली अस्तर. वरचा भाग जोडणे आणि तिन्ही थर टाक्यांनी बांधणे ही तिथे दोन वेगळी कामे आहेत, दोन वेगळ्या हातांनीही होणारी. पुढचे समजायला हा फरक लक्षात असलेला बरा.

1933 साली, मंदी ऐन भरात असताना, शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. विषय 'प्रगतीचे शतक'. टपालाने माल विकणाऱ्या एका बड्या कंपनीने त्यानिमित्त क्विल्टची राष्ट्रीय स्पर्धा लावली. पहिले बक्षीस हजार डॉलर. तेव्हाच्या शेतकरी कुटुंबाला ही रक्कम डोळे फिरवणारी होती. सुमारे 25 हजार क्विल्टा आल्या. प्रदर्शनाच्या विषयावर कुणी शिवले तर जादा रकमेचे आमिष होते, म्हणून अनेकींनी विमाने, आगगाड्या, उंच इमारती कापडात उतरवल्या. निकाल लागला तो केंटकीतून आलेल्या एका हिरव्या ताऱ्यांच्या क्विल्टच्या बाजूने. जुना आठ टोकांचा तारा, भोवती कापूस भरून उठाव दिलेले बारीक टाके.

नव्या शतकावर शिवा म्हणायचे आणि बक्षीस आजीच्या ताऱ्याला द्यायचे, अशी कुरकुर झाली. ती खोटी नव्हती. पण माझ्या मते खरी गोम दुसरीकडे होती. क्विल्ट स्वतःच्या हाताने केलेली हवी, असा नियम होता. विजेती बाई मात्र भेटवस्तूंचे दुकान चालवणारी. क्विल्ट तिने मजुरीवर बायकांकडून करून घेतली होती. निदान चार जणींचे हात तिला लागले होते. त्या गप्प राहिल्या, कारण तोंड उघडले तर पुढचे काम जाणार. हे सारे बाहेर यायला अर्धे शतक गेले. तोवर क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिली गेली होती. आज ती कुठे आहे याचा पत्ता नाही. नमुना मात्र एका कापूस-कंपनीने नवे नाव देऊन छापला आणि तो घरोघरी गेला.

दरम्यान अमेरिकेतल्या सू आदिवासींच्या वस्त्यांमध्ये ताऱ्याची वेगळीच वाट होती. मिशनऱ्यांकडून शिकलेली कला त्यांच्यातल्या लाकोटा शाखेच्या बायकांनी पहाटेच्या ताऱ्याशी जोडली. बायसनची कातडी मिळेनाशी झाली, तेव्हा मानाने पांघरायची वस्तू म्हणून ताऱ्याची क्विल्ट आली. अजूनही ती मयताला आणि सत्काराला दिली जाते.

1976 च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने शिवणाऱ्यांची नवी पिढी आणली. 1979 साली जपानमधून गोल पात्याचा कटर आला आणि कात्रीचे दिवस सरले. शंकरपाळ्याच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कडा हाताळताना ताणल्या जातात, टोके जुळत नाहीत. त्यामुळे नव्या पिढीने चौकोन आणि त्रिकोणांत बसणारा 'सॉटूथ' तारा उचलला. दोन त्रिकोण जोडून होणारा चौकोन तयार झाल्यावर 3 इंच हवा असेल, तर चौकोन 3⅞ इंचांचा कापून कर्णावर चिरायचा. दोन्हीकडची शिवणीसाठी सोडलेली पाव-पाव इंच माया आणि कर्णाच्या टोकाला लागणारा जादा कपडा मिळून ते ⅞ होतात. हे एक कोष्टक पाठ झाले की दुपारभरात बारा ब्लॉक होतात.

अलीकडे अमेरिकेतल्या अनेक प्रदर्शनांच्या अर्जात दोन रकाने असतात : वरचा भाग कुणी जोडला आणि टाके कुणी घातले. मोठ्या मशीनवर पैसे देऊन टाके घालून घेणे आता सर्रास आहे, आणि अशा दोघींच्या क्विल्टांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळा गटच असतो.