पेशी व रेणवीय जीवशास्त्र : गोव्यातील पदवी शिक्षणात मायनर विषय

सजीवांची घडण आणि त्यांचे व्यवहार पेशीच्या व तिच्यातील रेणूंच्या पातळीवर उलगडणारी ही जीवशास्त्राची शाखा. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्राचीच दुसरी एखादी शाखा मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेऊन तिच्या जोडीला हा विषय घेतला की तो मायनर होतो. मराठीत कोणी ‘गौण विषय’ असेही लिहितात, पण विद्यार्थी आणि शिक्षक मायनरच म्हणतात. तेच बरे, कारण गौण म्हटल्यावर त्याकडे दुर्लक्ष करायला निमित्त मिळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची नवी रचना गोव्यातील महाविद्यालयांत २०२३-२४ पासून लागू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात आणि त्यांतली किमान २४ मायनरची असतात. चार वर्षांच्या ऑनर्सला हेच आकडे १६० आणि ३२ असे होतात. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास वर्गातले शिकवणे किंवा ३० तास प्रॅक्टिकल. ‘पेशी व रेणवीय जीवशास्त्र’ या नावाची पाटी प्रत्येक ठिकाणी दिसेलच असे नाही. हाच मजकूर कुठे प्राणिशास्त्राच्या, कुठे वनस्पतिशास्त्राच्या, तर कुठे सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पेपरांत विभागलेला असतो. म्हणून विषय निवडताना नावावर न जाता अभ्यासक्रम उघडून वाचावा.

सुरुवात पेशीपासून होते. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पाहिलेले रिकामे कप्पे, पेशी पेशीपासूनच जन्मते हे १८५५ मध्ये फिरखोने ठामपणे मांडणे, मग पेशीपटल, केंद्रक, तंतुकणिका, पेशीविभाजन. हा भाग बारावीला बराचसा होऊन गेलेला असतो. खरी चढण पुढे लागते, डीएनएची माहिती प्रथिनापर्यंत कशी पोहोचते तिथे.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली पुष्कळ मुले प्राथमिक शाळेत मराठी शिकून पुढे इंग्रजी माध्यमात जातात. ट्रान्स्क्रिप्शन आणि ट्रान्सलेशन हे शब्द त्यांना पाठ असतात, पण दोन्हींतला फरक परीक्षेत हमखास गडबडतो. इथे मराठी शब्द मदतीला येतात : प्रतिलेखन आणि भाषांतरण. गोव्यात एकच कोकणी देवनागरीत लिहितात आणि रोमीतही. लिपी बदलली तरी भाषा तीच राहते. डीएनएवरून आरएनए बनतो तेव्हा असेच घडते. डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो त्यांतले थायमिन जाऊन युरॅसिल येते, बाकी मजकूर त्याच भाषेतला. आरएनएवरून प्रथिन बनताना मात्र भाषाच बदलते. चार अक्षरांच्या भाषेतला मजकूर वीस अमिनो आम्लांच्या भाषेत जातो. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि उरलेले ३ ‘इथे थांब’ सांगणारे. हा संकेत उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९६८ चे नोबेल मिळाले, ते निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर विभागून.

या विषयाचा जीव प्रॅक्टिकलमध्ये आहे. कांद्याच्या कोवळ्या मुळाचे टोक कापून, रंगवून, काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचे. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, अंगठा सरकला तर सगळेच चिरडते. नीट जमले की एखाद्या पेशीत कांद्याची १६ गुणसूत्रे सुटी मोजता येतात. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलमध्ये (जेलीसारख्या थरात) नमुना भरणेही असेच हाताने शिकायचे काम. कोपर टेबलावर टेकवायचे, मायक्रोपिपेटचे टोक खाचेच्या तोंडाशी धरायचे आणि बटण हळू दाबायचे. नमुन्यात ग्लिसरॉल असल्याने निळा थेंब आपसूक तळाशी बसतो. वीज सुरू केली की ऋणभारित डीएनए काळ्या वायरीच्या बाजूने लाल वायरीकडे निघतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. एकाने जेल भरायचे आणि दहा जणांनी मागे उभे राहून पाहायचे, असे प्रॅक्टिकल झाले तर या विषयातले काहीही हाताला लागत नाही.

साहित्यासाठी गोव्याला दूर जावे लागत नाही. पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याचे नाव मिठागरांची आठवण सांगते. एप्रिल-मेमध्ये आगरातले पाणी आटत जाते आणि त्याला गुलाबी-लालसर झाक येते. ती येते मीठप्रिय आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशी सजीव) आणि काही शैवालांच्या रंगद्रव्यांमुळे. समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे साडेतीन टक्के असते. या आर्किया २० टक्क्यांच्या वरच्या मिठातही सुखाने वाढतात. त्यांना खारट माध्यमावर वाढवून, त्यांचा गाळ ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळला की पाणी आत शिरून पेशी फुटतात आणि द्रव चिकट होतो. कांद्याच्या पेशी फोडायला साबण लागतो, इथे साधे पाणीच पुरते. वरून थंडगार अल्कोहोल कडेकडेने सोडले की डीएनएचे पांढरट तंतू काचकांडीला गुंडाळता येतात. पेशीपटल आणि परासरण हे दोन धडे फळ्यावर शिकवायला जितका वेळ जातो, त्याहून कमी वेळात हा प्रयोग ते मनात बसवतो.

जोडीला मेजर कोणते, यावर या मायनरचा उपयोग ठरतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विकरे (एन्झाइम) आणि औषधांचे काम समजते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे जनुकीय माहिती येते. मानवी जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे, तो हाताने वाचायचा नसतोच. मेजर प्राणिशास्त्र असेल तर दोन्हीकडचे पेपर एकमेकांवर चढत नाहीत ना, हे आधी तपासावे.

यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर यांपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता धरली आहे. म्हणजे रसायनशास्त्राच्या पदवीधरालाही ही वाट खुली होऊ शकते, मात्र प्रवेश परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ती परीक्षा गॅट-बी असते. ताळगाव पठारावर १९८५ मध्ये सुरू झालेले गोवा विद्यापीठ सागरी जैवतंत्रज्ञान शिकवते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची. २४ क्रेडिटांत कोणी संशोधक होत नाही, पण प्रयोगशाळेत गेल्यावर समोरच्याचे बोलणे कळू लागते आणि नेमका प्रश्न विचारता येतो.

मुख्य विषय एक आणि मोलाचे काम दुसऱ्यातही, याचे उदाहरण गोव्यातलेच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले. पेशाने ते गणिती. १९४० च्या दशकात, पुण्यात गणित शिकवत असताना, त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर मोजण्याचे सूत्र मांडले. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे प्रजननपेशी बनतानाच्या विभाजनात, गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनच्या १९१९ च्या सूत्रात एका जागची अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी ती झाली की शेजारी होण्याची शक्यता घटते, आणि कोसंबींनी ते हिशेबात घेतले. आज पिकांचे जनुकीय नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतराची पद्धत निवडताना हाल्डेनच्या शेजारी कोसंबी हे नाव दिसते.