मोटर मागून मध्यात कशी आली: टू-व्हील बग्गीच्या सेटअपची पार्श्वभूमी

स्पर्धेसाठी एक-दशांश मापाची, रिमोटवर चालणारी टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी) बग्गी घ्यायला गेलं की आज पहिलाच प्रश्न येतो: कार्पेटच्या ट्रॅकची हवी की डर्टची, म्हणजे मातीची? कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच, बॅटरी तीच टू-सेल लिपो (लिथियम-पॉलिमर), मोटरही ५४० मापाचीच. तरी डब्यातला गिअरबॉक्स वेगळा, शॉक टॉवर (शॉक ॲब्झॉर्बर बसवायचे खांब) वेगळे आणि कधी कधी चॅसीची पट्टीसुद्धा वेगळी. वीस वर्षांपूर्वी ही निवड कुणाला करावी लागत नव्हती. गाडी एकच असायची आणि ती मातीवर धावायची. ही फाटाफूट झाली कशी, हे समजल्याशिवाय आजचं कुठलंही सेटअप शीट, म्हणजे गाडीची जुळवणी नोंदवलेला तक्ता, नीट वाचता येत नाही. इंटरनेटवर मिळालेलं विजेत्याचं शीट जसंच्या तसं लावून गाडी बिघडवणारे काही कमी नाहीत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १९७९ साली जपानमधून आलेल्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या गाड्या दिसायला हुबेहूब खऱ्या बग्गीसारख्या होत्या, पण त्यांत फिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातून आरसी१० आली आणि खेळाचं रूपच पालटलं. सोनेरी ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची टबसारखी चॅसी, चारही चाकांना तेलाचे शॉक, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) कमी-जास्त करायला आट्यांच्या सळया. घराच्या टेबलावर बसून गाडीचा स्वभाव बदलता येतो, ही कल्पना खऱ्या अर्थाने तिथून रुजली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच डेल मारला या प्रकारच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हीलचं विजेतेपद याच गाडीने नेलं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या रॉम्सीला टू-व्हीलमध्ये जपानी अल्टिमा जिंकली, तर फोर-व्हीलमध्ये पट्ट्यावर चालणारी ब्रिटिश कॅट. फोर-व्हीलची कथा तिथून वेगळ्या वाटेने जाते, ती इथे बाजूला ठेवू.

आरसी१० पासून पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं टू-व्हील बग्गीची मांडणी एकच राहिली: मोटर मागच्या आसाच्याही मागे. त्यामुळे गाडी किंचित उलाळ. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचलतं, तोच प्रकार. इथे मात्र तो मुद्दाम केलेला. सुक्या, भुसभुशीत मातीवर मागच्या दोन चाकांना पकड मिळवून द्यायची तर वजन त्यांच्यावरच हवं. पुढचा भाग हलका राहतो, म्हणून गाडी वळणात शिरायला कुरकुर करते. त्या काळातला सगळा सेटअप म्हणजे या एका कुरकुरीवरचे उपाय. पुढे कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) भरपूर, मागे तीन अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली), बॅटरी चॅसीत एक खाच पुढे की मागे, आणि राइड हाइट (चॅसीची जमिनीपासून उंची) अशी की मागच्या ड्राइव्हशाफ्ट जमिनीला समांतर दिसाव्यात. सकाळी ट्रॅकवर पाणी मारलेलं असताना चालणारा टायर दुपारी धूळ उडायला लागली की निकामी. टायर, आतला फोम आणि शॉकचं तेल दिवसातून दोनदा बदलणारा माणूस जिंकायचा. ट्रॅक वाचण्याचं हे कसब त्या काळाइतकं नंतर कधीच लागलं नाही, असं माझं मत आहे.

दुसरी मर्यादा बॅटरीची. सहा निकेल-कॅडमियम सेल, ७.२ व्होल्ट आणि सुरुवातीच्या काळात १२०० एमएएचच्या आसपासची क्षमता. एवढ्या विजेत शर्यतीची चार-पाच मिनिटं काढायची. एक दात मोठं पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं गिअर) लावलं तर गाडी सरळ रेषेत पळायची आणि शेवटच्या मिनिटाला दम टाकायची. म्हणजे गिअरिंग हा वेगाचा नव्हे, काटकसरीचा विषय होता. निकेल-मेटल-हायड्राइड सेल आले तशी ही अडचण ओसरत गेली आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रशलेस मोटर व लिपो बॅटरी स्पर्धांमध्ये रुळल्यावर ती संपलीच.

पण लिपोने एक नवी गोष्ट केली, जिची चर्चा त्या वेळी फार झाली नाही. सहा सेलांचा जुना पॅक चारशे ग्रॅमच्या आसपास भरायचा. लिपो त्याहून बरीच हलकी आणि पुढे आलेले आखूड ‘शॉर्टी’ पॅक आणखी हलके. गाडीचं किमान वजन ठरवणारा नियम मात्र लगेच खाली आला नाही. मग काट्यावर गाडी बसवण्यासाठी लोक शिशाच्या आणि नंतर पितळेच्या पट्ट्या लावू लागले. एकदा शंभर-दीडशे ग्रॅम सुटं वजन हातात आलं की ते कुठे ठेवायचं हाच सेटअप झाला. नियम करणाऱ्यांना सुरक्षित, मजबूत गाड्या हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांनी ट्यूनिंगचं सगळ्यात प्रभावी साधन फुकटात वाटलं.

आता मूळ प्रश्नाकडे, मोटर मागून मध्यात का आली त्याकडे. इंग्लंडमध्ये पाऊस सतत, त्यामुळे मातीचे ट्रॅक टिकवणं अवघड. तिथल्या क्लबांनी क्रीडासभागृहात कार्पेट अंथरून आणि बाहेर कृत्रिम गवत, म्हणजे ॲस्ट्रो, टाकून शर्यती चालवल्या. या पृष्ठभागावर बारीक काट्यांच्या टायरला इतकी पकड मिळते की मागच्या चाकांसाठी वेगळं वजन ठेवायची गरजच उरत नाही. उलट मागे लटकलेली मोटर वळणात शेपटीसारखी फिरते आणि पुढची चाकं सरळ घसरत जातात. २००० च्या दशकाच्या मध्यावर काही लहान कार्यशाळांनी चालू गाड्यांचे गिअरबॉक्स उलटे फिरवून मोटर मागच्या आसाच्या पुढे आणणारे सांगाडे विकायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्या तेव्हा याकडे हौशी उद्योग म्हणून पाहत होत्या.

गिअरबॉक्स उलटा केला की एक घोळ होतो, आणि पुढची सगळी भांडणं त्याच घोळातून निघाली. नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये तीन गिअर: वरचा, मधला आयडलर आणि डिफचा, म्हणजे डिफरन्शिअलचा. त्यात पिनियन आणि त्याने फिरणारं मोठं गिअर, म्हणजे स्पर, धरले की दिशा तीनदा उलटते, म्हणजे मोटर चाकांच्या विरुद्ध दिशेने फिरते. पिनियन गाडीच्या उजव्या बाजूला असेपर्यंत मोटरच्या दृष्टीने ही तिची नेहमीची दिशा. पण अख्खा गिअरबॉक्स अर्ध्या वर्तुळात वळवला की पिनियन डावीकडे जातं आणि गाडी पुढे न्यायची तर मोटरला उलटं फिरावं लागतं. ब्रशच्या मोटरचं टायमिंग एका दिशेसाठी बसवलेलं असायचं. उलटी फिरवली की ताकद कमी आणि ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरची झीज जास्त. सुरुवातीच्या सेन्सरवाल्या ब्रशलेसमध्येही नुसत्या वायरी अदलाबदल करून काम भागत नव्हतं. यावर उपाय म्हणून आणखी एक आयडलर घातला गेला आणि चार गिअरचा गिअरबॉक्स जन्माला आला. दिशा चारदा उलटते, मोटर आपल्या नेहमीच्या दिशेने फिरते.

वरवर पाहता हा केवळ तांत्रिक अडचणीवरचा तोडगा. पण आता मोटर चाकांच्याच दिशेने फिरत होती आणि त्याचा परिणाम गाडीच्या वागण्यावर झाला. चाकाचा एक फेरा होईपर्यंत मोटरचे सात-आठ फेरे होतात. थ्रॉटल दाबला की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) झपाट्याने वेग घेतो आणि त्याची प्रतिक्रिया चॅसीवर उलट दिशेने येते. चार गिअरमध्ये ही प्रतिक्रिया गाडीचं नाक उचलते, भार मागच्या चाकांवर टाकते. तीन गिअरमध्ये ती नाक दाबते. उडी मारताना हे अगदी स्वच्छ दिसतं. हवेत थ्रॉटल दिला की चार गिअरची गाडी पटकन नाक वर करते, ब्रेक दिला की पटकन खाली घालते. तीन गिअरच्या गाडीत चाकं एकीकडे ओढतात आणि रोटर दुसरीकडे, त्यामुळे ती हवेत जास्त शांत असते आणि चूक सुधारायलाही जास्त सुस्त.

मातीवर हा फरक किती मोलाचा, यावर आजही एकमत नाही. एका बाजूचं म्हणणं असं की मोटर मध्यात आणूनही मातीवर गाडी चालते ती चौथ्या गिअरमुळेच. थ्रॉटल देताना मागे पडणारा भार नसता तर चाकं नुसती भुर्रकन फिरली असती. दुसरी बाजू म्हणते, रोटरचं वजन ते किती, खरा फरक बॅटरी आणि पितळेच्या जागेने पडतो. चौथा गिअर म्हणजे घर्षण आणि फिरतं वजन वाढवणं. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे. रोटर हलका असला तरी वेग एवढा आहे की वळणातून बाहेर पडताना, थ्रॉटल उघडण्याच्या त्या पहिल्या क्षणात, फरक जाणवतो. मात्र पकड जिथे आधीच जादा आहे त्या कार्पेटवर दुसऱ्या बाजूचं म्हणणं खरं ठरतं, हेही मान्य करायला हवं. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात) मोटरची दिशा बदलण्याची सोय सरसकट आल्यावर तीन गिअरचा मिड-मोटर, म्हणजे मध्यात मोटर असलेला, बॉक्स पुन्हा वापरात आला, तो कार्पेटसाठीच.

कंपन्यांनी बराच काळ दोन्ही दरडींवर पाय ठेवला. २०११ च्या सुमारास आलेल्या ‘२२’ आणि ‘डीईएक्स२१०’ या नावांच्या गाड्या एकाच डब्यातून मागे मोटर किंवा मध्यात मोटर, अशा दोन्ही प्रकारे बांधता यायच्या. २०१४ मध्ये आरसी१० च्याच घराण्यातून बी५ आणि बी५एम अशा दोन वेगळ्या गाड्या निघाल्या. पहिलीत मोटर मागे, दुसरीत मध्यात. दोन-तीन वर्षांतच मागे मोटर असलेली गाडी दुकानांतून दिसेनाशी होऊ लागली. एवढ्या लवकर का? मातीच बदलली होती. अमेरिकेत छताखालचे ट्रॅक चिकणमातीचे झाले, पाणी मारून मारून ते इतके घट्ट आणि काळे पडले की त्यावर काटेरी टायरऐवजी गुळगुळीत स्लिक चालू लागले. त्यामागोमाग तिथेही कार्पेट आलं. ट्रॅकमालकाच्या दृष्टीने कार्पेट सोयीचं: धूळ नाही, पाणी नाही, रात्रभर ट्रॅक दुरुस्त करत बसणं नाही. चालकांना मात्र विचारलं गेलं नाही, असं जुनी मंडळी अजूनही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

या बदलाचे पडसाद सेटअपच्या प्रत्येक आकड्यात दिसतात. मातीवर राइड हाइट २२ मिमीच्या आसपास असायची. कार्पेटवर ती १६-१७ मिमीपर्यंत उतरली, कारण तिथे भीती घसरण्याची नसून उलटण्याची. त्यासाठीच मोटर आणि गिअर आडवे पाडून गुरुत्वमध्य खाली नेणारे बॉक्स आले. बॉल डिफची जागा तेल भरलेल्या गिअर डिफने घेतली, कारण जादा पकडीत बॉल डिफ वारंवार उघडून बसवावा लागतो. स्लिपर, म्हणजे जादा जोर आला की घसरणारा क्लच, पूर्वी मागची चाकं हाताने धरून, थ्रॉटल देऊन, पुढची चाकं जेमतेम उचलतील इतका सैल ठेवायचे. कार्पेटवर तो घट्टच आवळलेला असतो.

शॉकच्या तेलाचा गोंधळ मात्र पृष्ठभागाशी संबंधित नाही, तो निव्वळ जुन्या सवयीतून आला आहे. अमेरिकी बाटल्यांवर ‘वेट’ लिहिलेलं असतं, जपानी बाटल्यांवर सेंटिस्टोकच्या (तेलाचा दाटपणा मोजायच्या एककाच्या) जवळ जाणारा आकडा. एका अमेरिकी कंपनीचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक, दुसऱ्या कंपनीचं ३० वेट ३३८, आणि जपानी ३०० म्हणजे साधारण ३००. एकाच्या शीटवरचं ३० दुसऱ्याच्या बाटलीतून ओतलं तर पिस्टनची भोकं तीच असूनही शॉक वेगळा वागतो. आता बहुतेक बाटल्यांवर दोन्ही आकडे छापलेले असतात. शीट लिहिणारे मात्र सवयीने एकच लिहितात.

म्हणून शीट हाती आलं की स्प्रिंगचा रंग पाहण्याआधी वरचा, बहुधा अर्धवट भरलेला रकाना पाहावा: पृष्ठभाग कोणता, पकड किती, टायर कोणता. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर गाडी पळवणाऱ्याला कार्पेटचं शीट काहीच कामाचं नाही. १६ मिमीवर ठेवलेली चॅसी पहिल्याच खड्यावर घासेल आणि तीन गिअरची मिड-मोटर वळणातून निघताना गरकन फिरेल.

आज नव्या डर्ट गाड्यांतही मोटर मध्यातच आहे. भुसभुशीत मातीवर त्या चालवायच्या तर चार गिअरचा बॉक्स घ्यावा लागतो, शॉर्टी बॅटरी शक्य तेवढी मागे सरकवावी लागते आणि मागच्या आर्मच्या बिजागऱ्यांचे ॲल्युमिनियमचे ठोकळे काढून तिथे पितळेचे बसवावे लागतात. हे ठोकळे कंपन्या आता वेगळे विकतात.