ल्यूटवरील नृत्यसंगीत, प्रबोधनकालीन

यूरोपात सुमारे १५०० ते १६२० या काळात ल्यूट या तंतुवाद्यासाठी नृत्यांच्या ठेक्यांवर बांधलेले संगीत. पंधराव्या शतकात दरबारी नाचाला शॉमसारख्या मोठ्या आवाजाच्या सुषिर वाद्यांची साथ असे. ती बहुतांशी उत्स्फूर्त असल्याने लेखी पुरावा तुटपुंजा आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ल्यूटवादक पिसाची नखी सोडून बोटांनी वाजवू लागले आणि खर्ज व चाल दोन्ही एकाच वादकाच्या हाती आली.

मुद्रक पेत्रुच्चीने व्हेनिसमध्ये १५०७ पासून ल्यूटची पुस्तके छापली. त्यांतील तिसरे आज उपलब्ध नाही. चौथे (१५०८) मिलानच्या जोआन आंब्रोजो दाल्झाचे. प्रत्येक पाव्हानाला तिचे साल्तारेल्लो व पीव्हा जोडलेले आहेत, अशी टीप त्यात आहे. संथ, द्विमात्रिक पाव्हानानंतर ही दोन जलद नृत्ये येतात. या त्रयीत पुढच्या काळातील ‘स्वीट’चा (सलग वाजवायच्या नृत्यांच्या मालिकेचा) उगम पाहण्याचा प्रघात आहे. तथापि पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नृत्यगुरू दोमेनिको दा पियाचेन्झा याने बास्सादान्झा, क्वादेर्नारिया, साल्तारेल्लो व पीव्हा या चार गती चढत्या क्रमाने मांडल्या होत्या. पहिलीच्या मानाने पुढची प्रत्येक गती एकेक षष्ठांशाने वाढते. म्हणजे नृत्यगुरूंच्या चालत आलेल्या क्रमातच दाल्झाने संथ नृत्याच्या जागी पाव्हाना बसवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाव्हानाचे मूळ इटलीतील पादुआचे की स्पेनचे, हाही वाद आहे. दाल्झाच्या मुखपृष्ठावर ‘पादोआने’ असे रूप असल्याने पादुआचे पारडे जड ठरते.

लेखन टॅब्लेचर पद्धतीचे, म्हणजे सुरांऐवजी वाद्यावरील बोटांच्या जागा दाखवणारे. इटालियन पद्धतीत सहा रेघा म्हणजे तारांचे सहा संच, पण सर्वांत वरची रेघ खर्जाची. रेघेवरचा आकडा पडदा दाखवतो, शून्य म्हणजे मोकळी तार. आकड्याखाली टिंब असेल तर तर्जनीने वरच्या दिशेने आघात करायचा, नसेल तर अंगठ्याने खाली. सतारीच्या ‘दा-रा’सारखा हा जड-हलका क्रम नाचाच्या ठेक्याला सोयीचा पडे.

पॅरिसमध्ये अतेन्याँने छापलेल्या अठरा बासदाँसच्या (बास्सादान्झाचे फ्रेंच रूप) संग्रहावर १५२९ साल आहे. तेथे वर्ष ईस्टरपासून मोजत असल्याने आजच्या गणनेने ते १५३० धरतात. बासदाँस, रकूप, तोर्दियाँ ही त्रयी त्यातही आढळते, ही बाब नृत्यांच्या चालत आलेल्या क्रमाविषयीच्या वरील मताला पूरकच. न्यूरेंबर्गच्या हान्स नॉइझीड्लरच्या १५३६ च्या पुस्तकात दरबारी नाच व त्यामागून येणारा उडता नाच अशी जोडी दिसते. स्पेनमध्ये ल्यूटचे हे स्थान व्हिवेला या गिटारसारख्या वाद्याकडे होते. त्याचा विचार येथे केलेला नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पास्सामेझ्झो या नृत्याच्या ठरावीक, पुन्हापुन्हा येणाऱ्या खर्ज-चौकटींवर विस्तार करण्याकडे कल वाढला. इंग्लिश ल्यूटवादक डाउलंडची ‘लॅक्रिमे’ ही पाव्हाना (छापील रूप १५९६) नाचापेक्षा ऐकण्यासाठीच असावी. इंग्लंडमधील बराच संग्रह हस्तलिखितांत आहे. त्यांतील पुष्कळांवर साल नसल्याने हस्ताक्षर आणि कागदावरून काळ ठरवावा लागतो.