उष्णतेचा उपसा

पाणी गरम करून इमारत उबदार ठेवणाऱ्या कुठल्याही बॉयलरच्या खोलीत गेलात, तर दोन जाड पाइप दिसतील. एकातून गरम पाणी इमारतीत जातं, दुसऱ्यातून थोडं निवलेलं पाणी परत येतं. जाणाऱ्या पाइपवर बहुधा एक तबकडीचा थर्मामीटर असतो आणि त्याचा काटा ७० ते ८० अंशांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. तो तिथेच का, हे त्या इमारतीत रोज काम करणाऱ्या कुणालाही सहसा सांगता येत नाही. बॉयलर बसवणाऱ्याने तो तिथे ठेवला आणि तो तिथेच राहिला.

कार्यालय, कारखाना, दुकान, गोदाम अशी जागा बॉयलरवरून हीट पंपावर, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्रावर, न्यायचं ठरलं की यंत्र कुठल्या बनावटीचं, किती किलोवॅटचं, किती किमतीचं याचा खल सुरू होतो. माझ्या मते या सगळ्याआधी त्या काट्याकडे पाहायला हवं. हीट पंप चांगला चालणार की वीज खाऊन बदनाम होणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

बॉयलर उष्णता तयार करतो. इंधनात साठलेली ऊर्जा ज्वलनातून बाहेर येते आणि पाण्याला मिळते. उत्तम बॉयलरसुद्धा १०० भाग ऊर्जेतले जेमतेम नव्वद-पंचाण्णव भाग पाण्यात उतरवतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, तो तिचा उपसा करतो. विहिरीवरचा पंप पाणी बनवत नाही, फक्त खालून वर आणतो, तसंच हे. आणि विहीर जितकी खोल तितके श्रम जास्त, हा नियमही इथे जसाच्या तसा लागू पडतो. बाहेरच्या हवेचं तापमान म्हणजे विहिरीतली पाण्याची पातळी. रेडिएटरला, म्हणजे खोली उबदार ठेवायला तिथे बसवलेल्या आणि आत गरम पाणी खेळणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, जाणाऱ्या पाण्याचं तापमान म्हणजे ज्या उंचीवर ते ओतायचं ती टाकी. हवामान काही आपल्या हातात नाही. टाकी किती उंच ठेवायची, हे मात्र आहे.

पण शून्य अंशाच्या हवेत उपसण्याजोगी उष्णता असते तरी का? असते, आणि भरपूर असते. आपल्याला जे शून्य वाटतं तो फक्त पाणी गोठण्याचा बिंदू. खरं शून्य त्याच्याखाली २७३ अंशांवर आहे. गोठणबिंदूवरची हवा आपल्याला गारठवते, पण उणे ४२ अंशांना उकळणाऱ्या प्रोपेनसाठी ती गरम तव्यासारखी असते. यंत्राची सगळी करामत याच गोष्टीवर उभी आहे. बाहेरच्या युनिटमधल्या नळ्यांत कमी दाबाखाली असा एखादा द्रव खेळवतात. आजूबाजूच्या हवेची उष्णता शोषून तो उकळतो, त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तशी ती दाबली गेल्यावर तापते. ही तापलेली वाफ पाण्याच्या पाइपांशेजारून जाताना आपली उष्णता पाण्याला देते आणि पुन्हा द्रव होते. मग एका अरुंद व्हॉल्व्हमधून तिचा दाब एकदम उतरतो, द्रव पुन्हा गारेगार होतो आणि फेरा पहिल्यापासून सुरू होतो. विजेचा खर्च मुख्यतः कॉम्प्रेसर फिरवण्यात होतो.

आता उंचीचा हिशेब करू. बाहेर शून्य अंश आहे आणि पाणी ३५ अंशांचं हवं आहे. उष्मागतिकीच्या नियमांनुसार आदर्श यंत्र एका युनिट विजेत ८.८ युनिट उष्णता वर आणू शकेल. पाणी ५५ अंशांचं हवं असेल तर ६, आणि ७० अंशांचं हवं असेल तर ४.९. प्रत्यक्षातली यंत्रं या आदर्शाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के गाठतात. म्हणजे ३५ अंशांना चौपट, ५५ अंशांना पावणेतिपटीच्या आसपास आणि ७० अंशांना दुपटीहून थोडी अधिक. यंत्र तेच, हवा तीच, फक्त काटा वेगळा.

हिशेब पैशांतही मांडता येतो, कुठल्याही देशाचं चलन घ्या. समजा एक युनिट विजेची किंमत एक युनिट गॅसच्या तिप्पट आहे आणि जुना बॉयलर नव्वद टक्के कार्यक्षम आहे. मग बिल बरोबरीत यायला हीट पंपाने २.७ पट उष्णता द्यायला हवी. ७० अंशांच्या पाण्यावर थंडीत तो हे गाठत नाही. ५० अंशांवर मोसमाची सरासरी याच्या पुढे जाऊ शकते. ज्या व्यवसायांनी हीट पंप बसवले आणि नंतर बिल पाहून पस्तावले, त्यांच्यापैकी अनेकांनी जुनीच टाकी तेवढ्याच उंचीवर ठेवली होती, असं मला ठामपणे वाटतं.

उष्णता उपसण्याची ही कल्पना अजिबात नवी नाही आणि तिचा पहिला मोठा वापर झाला तोही एका कारखान्यातच. १८५२ मध्ये शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी इमारती गरम किंवा थंड करणाऱ्या अशा यंत्राचा विचार मांडला. त्यानंतर चारेक वर्षांनी ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथल्या मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाच्या पाण्यातून निघणारी वाफच दाबून, तापवून पुन्हा कामाला लावली. हेतू होता लाकूड वाचवण्याचा. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला आणि तो २००१ पर्यंत चालला. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात विद्युत अभियंता जॉन समनर यांनी १९४५ मध्ये युद्धकाळाच्या टंचाईत जुने भाग जमवून एक हीट पंप उभा केला. वेन्सम नदीच्या थंड पाण्यावर त्याने नगरपालिकेच्या विद्युत विभागाची इमारत गरम ठेवली. त्याचं पाणी पन्नास अंशांच्या आसपास होतं. समनर यांनी मिळेल त्या सामानातून यंत्र जोडलं, पण पाण्याचं तापमान मात्र माफक ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग आपल्या इमारतीतला काटा खाली आणला तर लोक गारठतील का? इथे रेडिएटरचा स्वभाव कळायला हवा. खोली २० अंशांना आणि रेडिएटरमधलं पाणी सरासरी ७० अंशांना असेल, तर दोहोंतला फरक ५० अंशांचा. पाणी ४५ अंशांवर आणलं की फरक निम्मा होतो, पण मिळणारी उष्णता निम्मी न होता आणखी घसरून चाळीस टक्क्यांवर येते. वाचताना छाती दडपते खरी. दिलासा असा की बऱ्याच इमारतींत रेडिएटर गरजेपेक्षा मोठे असतात. आराखडा करताना कुणीतरी सुरक्षेसाठी थोडं वाढवलं, बसवणाऱ्याने आणखी थोडं वाढवलं. पुढे खिडक्या बदलल्या, छताला अस्तर लागलं, इमारतीची भूक कमी झाली, पण रेडिएटर तेवढेच राहिले.

हे तपासायला हीट पंप विकत घ्यावा लागत नाही. ऐन थंडीत, जुना बॉयलर चालू असतानाच, पाण्याचं तापमान ५० ते ५५ अंशांवर आणायचं आणि आठवडाभर प्रत्येक खोलीत साधा थर्मामीटर ठेवून पाहायचं. दोन गोष्टी सांभाळायच्या. नळाला येणारं गरम पाणी साठवणारी टाकी यात ओढायची नाही. लिजनेला हा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो, म्हणून ती टाकी ६० अंशांच्या आसपासच राहायला हवी. दुसरं, जुन्या ओतीव लोखंडी बॉयलरकडे फार थंड पाणी परत आलं तर आत ओल धरून तो गंजतो. म्हणून परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा मिश्रण व्हॉल्व्ह कसा वापरायचा, हे जाणकाराकडून ठरवून घ्यायचं. आठवडा संपला की चित्र स्वच्छ दिसतं. वीसपैकी सतरा खोल्या ठीक, कोपऱ्यातल्या तीन थंड, असं काहीसं. मग त्या तीन खोल्यांचे रेडिएटर बदलायचे. त्या तिघींसाठी अख्ख्या इमारतीचं पाणी ७० अंशांवर ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

दुसरी अडचण भिंतीआड लपलेली असते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या पद्धतीत पाणी जाताना आणि येताना २० अंशांचा फरक ठेवण्याचा प्रघात आहे. हीट पंपाला साधारण ५ ते ८ अंशांचा फरक मानवतो. फरक कमी म्हणजे तेवढीच उष्णता पोचवायला पाणी जास्त लागणार. ५० किलोवॅट उष्णतेसाठी २० अंशांच्या फरकाला मिनिटाला सुमारे ३६ लिटर पाणी पुरतं. ५ अंशांच्या फरकाला १४३ लिटर लागतं. त्याच पाइपातून चौपट पाणी ढकलायचं तर घर्षणाने होणारी दाबाची घट जवळपास सोळापट होते. पाणी फिरवणारा पंप घरघरतो, पाइप शिट्टी वाजवतात, टोकाच्या खोल्यांना काही पोचत नाही आणि दोष हीट पंपाला लागतो. म्हणून यंत्राच्या दरपत्रकाआधी पाइपांचे व्यास मोजलेला नकाशा हातात असावा.

घर आणि व्यवसायाची जागा यांत एक मोठा फरक आहे. व्यवसायाच्या जागेत उष्णता आधीच सांडत असते. बसून काम करणारा माणूस साधारण शंभर वॉटची शेगडीच असतो. चाळीस माणसं म्हणजे चार किलोवॅट. सर्व्हरच्या खोलीत तर आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि एकीकडे एसी ती अंगणात फेकत असताना दुसरीकडे बॉयलर त्याच अंगणाशेजारची खोली तापवत असतो. हे पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं. सर्व्हरच्या खोलीतली हवा २५ अंशांची असेल, तर तिथून ५० अंशांचं पाणी करायला शून्य अंशाच्या हवेपेक्षा निम्मीच चढण आहे, म्हणजे आदर्श हिशेबाने निम्मी वीज. शीतगृह, बर्फाचं यंत्र, तेल थंड करावं लागणारी दाबयंत्रं, या सगळ्या उथळ विहिरीच आहेत. शिवाय वायुवीजनाने बाहेर जाणारी उबदार हवा. पंख्यांनी ती नुसती बाहेर फेकण्याऐवजी येणाऱ्या ताज्या हवेशेजारून नेली, तर पंपाचा आकारच लहान होतो.

आकाराबद्दल एक सांगायलाच हवं. जुना बॉयलर १०० किलोवॅटचा होता म्हणून हीट पंपही १०० किलोवॅटचाच घ्यायचा, ही चूक महागात पडते. मोठा पंप सौम्य थंडीत दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहतो आणि कॉम्प्रेसर झिजतो. सर्वांत थंड आठवड्यातलं मीटरचं वाचन खरी गरज सांगतं. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन-तीन लहान यंत्रं मला जास्त पटतात. एक बिघडलं तरी काम बंद पडत नाही. विजेची जोडणीही आधीच विचारून ठेवावी. ५० किलोवॅट उष्णता कडक थंडीत अडीचपटीने मिळणार असेल तर २० किलोवॅट वीज लागेल आणि मंजूर भार वाढवून मिळायला कधीकधी यंत्र येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

थंड, दमट सकाळी बाहेरच्या युनिटजवळ थोडं थांबून पाहा. पारा शून्य ते पाच अंशांत असताना हवेतली ओल ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर गोठते, पांढरा थर चढत जातो आणि हवेची वाट बुजते. मग पंखा थांबतो. आत एक व्हॉल्व्ह उलटतो, फस्स असा आवाज येतो आणि थोडा वेळ यंत्र उलटं चालतं, आतली उष्णता बाहेर आणून पाती तापवतं. थर सुटतो, पाणी टपटपतं, वाफेसारखा पांढरा लोट उठतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्राला आग लागली असं वाटतं. यंत्राला काही झालेलं नसतं. धोका असतो तो खाली वाहून येणाऱ्या पाण्याचा. ते लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आलं आणि गोठलं, तर कुणाचं तरी हाड मोडतं. त्याचा निचरा पहिल्या दिवसापासून आखलेला हवा. आवाजाचाही विचार तेव्हाच करावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीपासून चार पावलं दूर सरकवणं फुकट आणि परिणामकारक असतं.

नळ्यांतला द्रव, ज्याला आपण एसीतला 'गॅस' म्हणतो, तोही विचारून घ्यावा. आर-४१०ए या प्रकारचा गॅस गळला तर एक किलो गॅस सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ आहे. प्रोपेनसाठी तो पाचाच्या आत आहे. असे गॅस कमी करण्यासाठी झालेल्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानंतर जग जास्त तापवणाऱ्या गॅसकडून हळूहळू दूर चाललं आहे. प्रोपेन मात्र ज्वलनशील आणि हवेहून जड आहे, त्यामुळे ते युनिट तळघराच्या झरोक्याजवळ किंवा गटाराच्या तोंडाशी ठेवत नाहीत.

यंत्र बसलं, चालू झालं, तरी काम अर्धंच झालेलं असतं. पहिला हिवाळा बाकी असतो. बॉयलरच्या सवयीने लोक संध्याकाळी सगळं बंद करतात आणि सकाळी एक तास आधी चालू करतात. पंपाला अशी धावपळ जमत नाही. त्याला रात्री दोन-तीन अंश उतरवून मंद गतीने चालत राहणं मानवतं. बाहेर जितकं थंड तितकं पाणी थोडं अधिक गरम, अशी एक रेषा त्याच्या नियंत्रकात आखलेली असते. एखाद्या सोमवारी कुणीतरी थंडीची तक्रार करतं, कुणीतरी ती रेषा पाच अंशांनी वर सरकवतं आणि थंडी सरली तरी ती खाली आणायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून त्या नियंत्रकाशेजारी एक वही टांगून ठेवावी. कुणी, कुठल्या तारखेला, काटा कुठून कुठे नेला, एवढंच तिच्यात लिहायचं.